येतो गं, माले

फकिराभाऊंच्या घरात एक गोष्ट कुणी करायची नाही. बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं, आणि मागं राहणाऱ्यानं 'या' म्हणायचं. मग खुशाल कुठं जायचं तिथं जा.

आता कुणी म्हणेल, यात काय नवल? सगळ्याच घरांत हे असतं. असतं, पण या घरात ते जरा अवघडल्यासारखं दिसायचं. कारण हा माणूस बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देऊन पुढं निघणारा. शेजाऱ्यानं रिक्षाला लिंबू-मिरची टांगली तेव्हा "ती मिरची कालवणात घाल, अंगी तरी लागंल," असं तोंडावर सुनावणारा. त्यांची लेक विशाखा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. ती रोज सकाळी स्कूटी चालू करायची आणि मुद्दाम म्हणायची, "पप्पा, जाते मी."

"येते म्हण."

"अंधश्रद्धा आहे ती, पप्पा."

"अंधश्रद्धा नाय, रीत हाय. मागं राहणाऱ्याला काय सांगून जावं का नाय माणसानं?"

मग आतून आशाबाई म्हणायच्या, "म्हण बाई येते. नायतर दिवसभर माझं डोकं खातील." आशाबाई म्हणजे फकिराभाऊंच्या मालकीणबाई. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिला नवऱ्याच्या डोक्याचा हिशेब बरोबर ठाऊक होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हेच सगळं झालं, विशाखा गेली, आणि फकिराभाऊ चहाची बशी तोंडाला लावणार तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. बाईचा आवाज होता.

"महापालिकेच्या बागेत हत्ती सांभाळायला होते, ते फकिरा तुम्हीच का?"

"व्हय, मीच. रिटायर होऊन सहा वर्षं झाली पण."

"मी डॉक्टर राजनंदिनी. मी कर्नाटकातल्या हत्ती केंद्रात आहे. रत्नमाला आमच्याकडं आहे."

फकिराभाऊंनी बशी खाली ठेवली. सहा वर्षांत हे नाव त्यांच्याशी बाहेरचं कुणी बोललं नव्हतं.

डॉक्टरीणबाई मूळच्या गंगापूरच्या निघाल्या. आठ महिन्यांपूर्वी त्या केंद्रात रुजू झाल्या होत्या. जुन्या फाईलीत फकिराभाऊंचं नाव सापडलं, त्यावरून नंबर शोधला. त्या सरळ मुद्द्यावर आल्या. रत्नमाला आल्यापासून फाटक सोडत नाही. बाकीच्या हत्तिणी सकाळी जंगलात जातात, दिवसभर चरतात, संध्याकाळी तळ्यावर येतात. ही थोडं चालते आणि वळून फाटकाशी येऊन उभी राहते. आधी तिथं माती होती, तेव्हा निभलं. वर्षापूर्वी तिथं कोबा झाला, आणि तिचे पाय बिघडले. तळव्याला भेगा पडल्या, पुढच्या डाव्या पायाच्या नखाशी पू धरला.

"कोबा आम्ही फोडतोय, काका. पण नुसत्या मातीनं भागत नाही. हत्तीच्या पायाला चालणं लागतं, रोज कित्येक मैल. चालली नाही तर पाय जाईल. आणि पाय गेला की हत्ती गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको."

"नको," फकिराभाऊ म्हणाले.

"एकच विचारायचं होतं. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ती फाटकाच्या गजांतून सोंड बाहेर काढते. टोक वर करून, उताणं धरते. बराच वेळ तशीच. इथल्या कुणाला त्याचा अर्थ लागत नाही. तुम्ही तिला काही शिकवलं होतं का?"

सहा म्हणजे फकिराभाऊंची ड्यूटी सुटायची वेळ. त्यांनी फोन कानावरून खाली घेतला. आशाबाईंनी हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, थोड्या वेळानं लावते. ह्यांना जरा पाणी देते."

*

खरं तर फकिराभाऊ माहूत म्हणून लागलेच नव्हते. फर्दापूरजवळच्या खेड्यात जन्म. लहानपणी लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या वाहायच्या, आणि त्या नादात भिंतीवरचे हत्ती पाहायचे. तेवढीच हत्तीची ओळख. शहरात आले, महापालिकेत झाडूवाले म्हणून चिकटले, बागेत नेमणूक झाली. पाच वर्षं पाचोळा गोळा केला. मग एका सर्कशीतून सहा वर्षांची हत्तीण बागेत आली. कागदावर तिचं नाव रत्नमाला. तिच्यामागून एक म्हातारा माहूत आला, दादामियाँ. बीडकडचा माणूस, तोंडात कायम पान, बोली अस्सल दखनी.

दादामियाँला हाताखाली माणूस पाहिजे होता आणि बागेतला एकही गडी हत्तीजवळ जायला तयार नव्हता. फकिराभाऊ तयार होते असंही नाही, पण त्या दिवशी ते नेमके तिथं झाडत होते. दादामियाँनं त्यांचा झाडू काढून घेतला आणि म्हणाला, "देख फकिरा, हाती कू डराना नक्को, और खुद भी डरना नक्को. उसकू पूछ के हात लगाना. बस, इत्ताच इल्म हय."

विचारून हात लावायचा म्हणजे कसं? तर आपला तळहात उघडा करून पुढं धरायचा आणि थांबायचं. तिची मर्जी झाली तर ती सोंडेचं टोक त्यावर ठेवणार. आपल्याकडच्या हत्तीच्या सोंडेला टोकाशी बोटासारखा एक कोंब असतो, एकच. सबंध सोंडेत हाड म्हणून नाही, सगळं मांस. त्या सोंडेनं ती झाड वाकवते आणि त्याच बोटानं तळहातावरचा तुरीचा एक दाणा अलगद उचलते. फकिराभाऊंनी हात पुढं केला आणि पाऊण तास तसेच उभे राहिले. खांदा भरून आला. मग ते ओलं, गार, मऊ टोक त्यांच्या तळहातावर टेकलं, सूं सूं करत हुंगलं आणि तिथंच राहिलं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी हात धुतले नाहीत, आणि त्यावरून आशाबाईंनी त्यांना जेवायला वाढलं नाही.

लई अडाणी होते तेव्हा फकिराभाऊ. त्यांना वाटायचं, हत्ती नाकानं पाणी पितो. दादामियाँ पोट धरून हसला. सोंडेत बादलीभर पाणी ओढून घ्यायचं, तोंडात सोंड घालायची आणि मग आत सोडायचं, असं तिचं पिणं. उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोनशे लिटर. खाणं तर विचारूच नका. सोळा-सोळा तास तोंड चालू, दिवसाला दीड क्विंटल चारा, आणि त्यातला अर्धा न पचताच बाहेर. तो बाहेरचा माल उचलायला पुन्हा झाडू फकिराभाऊंच्याच हातात. झोप मात्र जेमतेम चार तासांची. एकदा चाऱ्यात विटेएवढं काहीतरी पिवळं सापडलं. बघतात तो दात. फकिराभाऊ तो घेऊन धावत सुटले. म्हणाले, "दादामियाँ, हिचा दात पडला, आता ही जगत नाय." तेव्हा कळलं की हत्तीला दाढा सहा वेळा येतात, झिजली की मागची पुढं सरकते. सहावीही झिजली की म्हातारपणी खाता येत नाही, आणि मग मात्र खेळ संपतो.

मे महिन्यात बागेतली फरशी तापायची, तेव्हा ती कान हलवत उभी राही. फकिराभाऊंना वाटायचं माशा वारतेय. दादामियाँनं कानामागच्या शिरांवर त्यांचा हात ठेवला. हत्तीला आपल्यासारखा घाम नाही, तिथलं रक्त गार होतं म्हणून अंग गार होतं. तेव्हापासून दुपारी बारा वाजता कानांवर ओलं गोणपाट टाकायचं काम फकिराभाऊंनी स्वतःहून धरलं. त्याचा हुकूम कुठल्याच कागदावर नव्हता.

आणि पाय. एवढं धूड, पण चालताना पाचोळा वाजायचा नाही, इतकी मऊ गादी तळव्याला. आणि तो तळवा ऐकतो हो, ऐकतो. गंगापूरकडून उसाचा ट्रक यायचा आठवड्याला. गेटवरच्या वॉचमनला दिसायच्या आधी हिला कळायचं. कान पुढं, एक पाय हलका उचललेला, आणि पोटातून एक घुमारा निघायचा. तो कानांना नीट ऐकू येत नसे. जवळ उभं राहिलं तर छातीत जाणवायचा.

दादामियाँ तीन वर्षांनी गेला. जायच्या आधी त्यानं एकच गोष्ट सांगितली. हत्तीचं घर म्हणजे बायकांचं घर. म्हातारी पुढं चालते, तिच्या मागं लेकी, नाती. नर बारा-चौदा वर्षांचे झाले की आपले बाहेर पडतात. बावीस महिने पोटात वाढवलेलं पिल्लू आई एकटी सांभाळत नाही, मावश्या सांभाळतात. "इसकू कोई नहीं मिल्या रे फकिरा. ना माँ, ना मौसी. अब तूच हय." फकिराभाऊंना मिशा होत्या, तरी ते मावशी झाले.

रत्नमाला तर सरकारी नाव झालं. ते तिला माले म्हणायचे. हिंदीतले माहुती हुकूम त्यांच्या तोंडी बसलेच नाहीत. 'सरक गं', 'दम धर', 'पाय दे', अशा घरगुती मराठवाडी बोलीवर ती वाढली. आंघोळ झाली की डाव्या कानामागं थोपटून म्हणायचे, "जा, चर." मग ती आवाराच्या दुसऱ्या टोकाला चाऱ्याकडं निघायची. तिच्या पावलांनी ते अंतर चाळीस पावलं होतं. फकिराभाऊंनी किती तरी वेळा मोजलेलं. चाळीस पावलं जायचं, चाळीस यायचं, तेवढंच तिचं जंगल.

संध्याकाळी सहाला ड्यूटी सुटायची. फाटकाबाहेर येऊन ते हात पुढं धरायचे, ती गजांतून सोंड काढून तळहातावर टेकवायची, आणि ते म्हणायचे, "येतो गं, माले." सकाळी सात वाजता हजर. ऊन असो, दंगल असो, लेकीचा ताप असो. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे तेव्हा तीन दिवसांची रजा, पण तेव्हाही "येतो" म्हणून जायचे आणि आले की आधी बागेत, मग घरी. आशाबाई म्हणायच्या, "लोकांच्या दारात हत्ती झुलतात ते श्रीमंत होतात. माझ्या दारात नुसता त्याचा वास आला." रागानं नव्हे, पण अगदी बिनरागानंही नव्हे.

सत्तावीस वर्षं. सत्तावीस वर्षांत तो शब्द एकदाही खोटा पडला नाही.

मग दिल्लीचा कागद आला. शहराच्या बागेत हत्ती ठेवायचा नाही, त्याला मोकळं रान पाहिजे, सोबत पाहिजे. कागद वाईट नव्हता. फकिराभाऊंनाही ते पटलं होतं, चाळीस पावलं त्यांनीच तर मोजली होती. त्यांची नोकरी महिनाभर उरली असताना ट्रक आला. केंद्राची माणसं चांगली होती, घाई करत नव्हती. मालेला ट्रकमध्ये चढवायला फकिराभाऊच पुढं झाले. "ये गं, सरक गं" करत वर नेलं. खाली उतरले. फळी लागली. फटीतून सोंड बाहेर आली, टोक वर करून.

त्यांनी हात पुढं धरला. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. आणि तोंडातून सवयीनं तेच आलं. "येतो गं, माले."

ट्रक गेला. बाकीचे चहाला गेले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तसं ते एक वाक्य फकिराभाऊंच्या गळ्यात अडकून राहिलं. भेटायला जायचं सहा वर्षं मनात होतं. आधी कोरोना आला, मग आशाबाईंचे गुडघे. ही कारणं खरीच होती, पण त्यांच्या आडचं कारण वेगळं होतं. भेटून परत निघताना काय म्हणायचं, ते फकिराभाऊंना सुचत नव्हतं.

*

हे सगळं त्या सकाळी त्यांनी आशाबाईंना पहिल्यांदा सांगितलं. आशाबाई ऐकत भाजी निवडत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मंग ती सहा वर्षं वाट बघती व्हय तुमची?"

"व्हय."

"आन् तुमी इथं चहा पिऊन राह्यले." त्यांनी भाजी बाजूला सारली. "उठा. पिशवी भरा. विशाखाला सांगते तिकीट काढायला."

दोन रेल्वे आणि एक बस करून फकिराभाऊ केंद्रावर पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. डॉक्टर राजनंदिनी बसथांब्यावर आल्या होत्या, पोरसवदाच बाई, पायांत गमबूट. म्हणाल्या, "काका, एक सांगते. तिनं ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका."

फाटक अजून दोनशे पावलं लांब होतं. फकिराभाऊंच्या छातीत काहीतरी हललं. आधी वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मग ते थांबले. तोच घुमारा होता, जमिनीतून, चपलेच्या तळातून वर येणारा. डॉक्टरीणबाईंना काही ऐकू आलं नव्हतं.

"वळखलं," फकिराभाऊ म्हणाले आणि डोळे पुसत भराभरा चालायला लागले.

सोंड आधीच गजांबाहेर आली होती. त्यांनी हात पुढं धरला. हत्तीचं रडणं कुणी पाहिलं असेल-नसेल, फकिराभाऊ मात्र लाज सोडून रडले. माले त्यांचं डोकं हुंगत होती, खांदा हुंगत होती, पिशवीतली भाकरीही तिनं शोधून काढली.

तीन दिवस ते तिचे पाय घेऊन बसले. "पाय दे" म्हटलं की ती पाय द्यायची. डॉक्टरीणबाई जखम धुऊन औषध भरायच्या, हे नखं घासायचे. इतके दिवस तिला झोपेचं औषध दिल्याशिवाय पायाला हात लावता येत नव्हता. "दुखणं हत्तीच्या पायानं येतं आन् मुंगीच्या पायानं जातं," फकिराभाऊ म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या, "हे तर हत्तीचंच दुखणं आहे, काका. पण भरेल. चालली तर भरेल."

चालायचंच तर अडलं होतं. फकिराभाऊ आहेत म्हणून ती फाटक आणखीच सोडेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. शब्द आपण दिला, तो आपणच परत घ्यायचा. आज हिला 'जातो' म्हणायचं. म्हणजे वाट बघणं सुटेल.

संध्याकाळी सहाला ते फाटकाबाहेर उभे राहिले. हात पुढं केला. ओलं टोक तळहातावर आलं. फकिराभाऊंनी घसा खाकरला. चौसष्ट वर्षांत जो शब्द निघताना तोंडातून काढला नव्हता, तो जिभेवर आणून ठेवला. आणि बोलले, "येतो गं, माले."

जित्याची खोड ती. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. ते तसेच पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पडून राहिले. सकाळी पहारेकऱ्यानं सांगितलं, ती रात्रभर फाटकापासून हलली नव्हती.

"डॉक्टर, मीच हिच्या मुळावर आलोय," फकिराभाऊ चौथ्या दिवशी म्हणाले. "माझ्या तोंडून ते निघंना."

डॉक्टर राजनंदिनी पायरीवर बसल्या होत्या. समोर बाकीच्या हत्तिणी निघायच्या तयारीत होत्या. त्यांच्यात एक सत्तरीची म्हातारी होती, कान फाटलेले, गालफडं बसलेली. तिचं खरं नाव कानडी होतं, डॉक्टरीणबाई तिला पारूबाई म्हणायच्या. "बघा काका, ही कशी निघते ते. आधी जायच्या दिशेला तोंड करते, घुमारा देते आणि उभी राहते. सगळ्या तिच्या बाजूला वळल्या की मग पाऊल उचलते. निघायचं त्यांच्यात असं असतं."

फकिराभाऊ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, सत्तावीस वर्षं रोज मी निघायचो. ती मागं राहायची. ती निघाली आन् मी मागं राह्यलो, असं कधी झालंच नाय."

"ट्रकात ती गेली की."

"ट्रक गेला. ती कुठं गेली? तिला वाटलं मीच गेलो."

ते उठले. फाटक उघडायला लावलं आणि आत गेले. मालेच्या बाजूनं चालत तिला पारूबाईच्या मागं, गवताच्या कडेपर्यंत आणलं. त्यापुढं माणसांनी जायचं नाही, असा तिथला नियम. हात पुढं केला नाही. डाव्या कानामागं थोपटलं आणि म्हणाले, "जा, चर."

ती निघाली. हा हुकूम तिच्या ओळखीचा होता. फकिराभाऊ मनात मोजत होते. दहा. वीस. डावा पाय अजून जपून टाकत होती. तीस. पस्तीस. चाळिसाव्या पावलाला माले थांबली आणि मागं वळली.

तिथं भिंत नव्हती, गज नव्हते, समोर डोंगरापर्यंत गवत होतं. पण तिचं जग तिथं संपत होतं. आता रोजच्यासारखं आपण पाठ फिरवली की ही परत येणार, हे फकिराभाऊंना स्पष्ट कळत होतं. म्हणून ते हलले नाहीत. दोन्ही हात पाठीमागं बांधून तिच्याकडं तोंड करून उभे राहिले. ऊन चढत गेलं. माले त्यांच्याकडं बघत होती, ते तिच्याकडं. डॉक्टरीणबाई छत्री घेऊन येत होत्या, त्यांना फकिराभाऊंनी हातानंच थांबवलं.

मग पुढून घुमारा आला. पारूबाई थांबली होती. फकिराभाऊंच्या तळपायाला तो जाणवला, मालेला तर जाणवलाच असणार, तिनं एक पाय हलका उचलला. कान पुढं केले. एकदा फकिराभाऊंच्या दिशेनं सोंड लांब केली, टोक वर करून. इतक्या लांबून हात पोचणार नव्हता. फकिराभाऊ जागचे हलले नाहीत, पण त्यांच्या तोंडून आपसूक आलं, दारात उभं राहणाऱ्यानं म्हणायचं असतं ते.

"ये गं, माले."

तिनं सोंड खाली घेतली, वळली, आणि एक्केचाळिसावं पाऊल टाकलं. पुढची फकिराभाऊंना मोजता आली नाहीत. ती गवतात दिसेनाशी झाल्यावरही ते बराच वेळ तिथं उभे होते. वाट बघताना पायांना काय होतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी सहाला ते फाटकाशी गेले. कुणी नव्हतं. पहारेकरी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत आला की ती तळ्यावर आहे, म्हातारीच्या बाजूला, अंगावर चिखल उडवून घेतेय. फकिराभाऊंना आनंद झाला. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगा. माणसाला दोन्ही एकदम वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पुन्हा गेल्या, मालेसकट. बस नऊला होती. डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या, "एकदा भेटून जायचं का? बोलावते तिला."

"नको. चरू द्या."

पिशवी खांद्याला लावून ते फाटकाशी थांबले. गजांवर सोंड घासून घासून एक पट्टा गुळगुळीत झाला होता, त्यावर त्यांनी तळहात ठेवला. मग स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जातो."

डॉक्टरीणबाई गंगापूरच्या. त्यांना राहवलं नाही. "काका, असं म्हणू नये."

"वाट बघणाऱ्याला म्हणू नये," फकिराभाऊ म्हणाले. "फाटकाला म्हणाय काय हरकत नाय."

बस सुटली तेव्हा फोन वाजला. आशाबाई होत्या. मागून स्कूटीचा आवाज येत होता, म्हणजे विशाखा कामावर निघालेली.

"निघालात का?"

फकिराभाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं. गवत, डोंगर, लांबवर काही करड्या पाठी. त्यांतली कुठली तिची ते त्यांना ओळखता आलं नाही.

"व्हय, निघालो," ते म्हणाले. "येतो."